कोकिळाबाईचं दार

भिंतीपलीकडून सीताबाईचा आवाज आला, "भाऊजी, बाईले आनलं का घरी? कोन रडून राह्यलं?"

मी अंगणात उभा होतो. सकाळीच सेवाग्रामच्या दवाखान्यातून कोकिळाला, माझ्या बायकोला, जीपमधून घरी आणलं होतं. आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतल्या, लोकांनी जीप पाहिली आणि ते समजले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. भिंतीपलीकडच्या घरकुलांतून रस्ता दिसत नाही, म्हणून तिकडे कोणाला माहीत नव्हतं.

"सीताबाई, कोकिळा गेली," मी म्हणालो.

पलीकडे घमेलं घसरल्याचा आवाज आला. घमेलं पालथं घालून, त्यावर उभं राहून ती कोकिळाशी भिंतीवरून बोलायची. थोड्या वेळानं तिचं डोकं पुन्हा वर आलं. मागे आणखी बायकांचा आवाज होता.

"नेऊ नका, भाऊजी," ती म्हणाली. "बाई सवाष्ण गेली. आमाले तिची ओटी भराची हाये. आमी येतो."

वासुदेवराव तिरडीचा दोर आवळत होते. तहसीलीत कारकून आहेत, आमच्या शेजारीच राहतात. ते हळूच म्हणाले, "रूपराव, त्यायले नाल्याच्या पुलावरून, बाजारातून फिरून या लागते. चांगला अर्धा तास जाते. ऊन पाहा किती चढलं."

मी म्हणालो, "थांबू."

हे असं का झालं ते सांगायचं तर त्या भिंतीपासून सांगावं लागेल.

मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. ले-आउट पडला तेव्हा आम्ही बागेच्या कडेचा शेवटचा प्लॉट घेतला. बाग म्हणजे नगरपालिकेनं सोडलेली मोकळी जागा. तिची बाग केली प्रभाकर मास्तरांनी. ते शाळेतून निवृत्त झाले होते. एका उन्हाळ्यात नळ कोरडा पडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी बादलीनं आणून गुलाब जगवले. त्यांच्या पत्नी विमलाबाई म्हणायच्या, "यायनं मले इतकं कधी जपलं नाई."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं की रुळाच्या कडेला झोपड्यांत राहणाऱ्यांना पक्की घरकुलं बांधून द्यायची. जागा ठरली बागेला लागून, जुन्या कोंडवाड्याची. ले-आउटमध्ये गडबड उडाली. बागेतच कडुनिंबाखाली सतरंजी टाकून मीटिंग झाली. पुरुष पुढे, बायका मागे. कोकिळा सुपात तुरीची डाळ घेऊन आली होती. ती रिकामी बसत नसे.

मास्तर म्हणाले, "माझा घरांना विरोध नाही. घर सगळ्यांना पाहिजे. पण बागेला लागूनच कशाला? ही झाडं आपण लेकरासारखी वाढवली."

"आधीच नळाले पानी नाई," वासुदेवराव म्हणाले. "त्यात एवढे लोक. आन् त्यायच्या बकऱ्या. एका दिवसात बाग साफ करतीन."

बरेच जण बोलले. विरोध करायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. सीताबाई आमच्याकडे भांडी घासायला यायची आणि तिचं नाव घरकुलांत होतं. तिच्या झोपडीत रुळाकडून दरवर्षी पाणी शिरायचं. मीटिंगमध्ये काय होतं ते ऐकायला ती बागेच्या तारेबाहेर उभी होती. कोकिळाला ती दिसत होती.

"मास्तर, एक इचारू का?" मागून कोकिळा म्हणाली.

"विचारा ना, वहिनी."

"ले-आउट पडाच्या आंधी इथं काय होतं जी?"

"पडीक होतं. गावची ढोरं चरायची."

"हाव. म्या सोता शेन येचलं इथं. मंग आपन आलो. ढोरं हाकलले, प्लॉट पाडले. बिचाऱ्या ढोरायनं काई मीटिंग घेतली नाई."

लोक हसायला लागले. मास्तर सगळ्यांत जास्त हसले, त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

वासुदेवराव म्हणाले, "म्हंजे आता आमी ढोरं झालो का, वहिनी?"

"नाई जी," कोकिळा डाळीतला खडा फेकत म्हणाली. "तुमी मीटिंग घेतली ना."

त्यानंतर विरोधाचं कोणी काढलं नाही. हसल्यावर माणसाला परत रागात जाता येत नाही. पण बकऱ्यांची भीती खरी होती, म्हणून बागेच्या त्या अंगाला उंच भिंत बांधायची असं ठरलं. कोकिळा म्हणाली, भिंत बांधा, पण दार ठेवा. बाग सगळ्यांची आहे. मास्तर म्हणाले, दार ठेवू, पण झाडं जरा मोठी झाल्यावर उघडू.

भिंत बांधली श्रावणनं. तो सीताबाईचा नवरा, गवंडी. त्यानं दाराच्या जागेवर वर सिमेंटची आडवी लिंटल टाकली आणि खालची जागा विटांनी भरून काढली. बाकीची भिंत सिमेंटात, पण तेवढ्या विटा मातीत बसवल्या आणि वरून पातळ गिलावा मारला. मी बघत होतो तर कडेला पडलेली पहार दाखवून म्हणाला, "भाऊ, मास्तरायनं हो म्हनलं का एक सब्बल लावजा. घरंगळतीन साऱ्या."

घरकुलं झाली. लोक राहायला आले. झाडं मोठी झाली. दार काही उघडलं नाही.

यात कोणी वाईट होतं असं नाही. मास्तर नाही म्हणाले नाहीत कधी. आधी बकऱ्यांचं होतं. कोकिळा फिरून घरकुलांत गेली आणि बकऱ्या चारायला एक म्हातारा गुराखी लावून आली. मग मास्तर म्हणाले, या वर्षी नवीन कलमं लावली आहेत, ती धरू द्या. मग म्हणाले, शाळेच्या परीक्षा होऊ द्या, पोरं बागेत अभ्यासाला बसतात. दर दसऱ्याला कोकिळा सोनं द्यायला त्यांच्या घरी जायची. आपट्याचं पान हातावर ठेवून पाया पडायची आणि म्हणायची, "सोनं घ्या मास्तर, दार द्या." मास्तर म्हणायचे, "पुढच्या दसऱ्याला नक्की, वहिनी." आणि दोघंही हसायचे. मी घरी येऊन म्हणायचो, असं हसत मागितलं तर कोण देतं? ती म्हणायची, "भांडून घेतलेल्या दारातून कोनाले यावंसं वाटते का?"

तोवर ती भिंतीवरूनच काम चालवायची. इकडे तिचं एक घमेलं, तिकडे सीताबाईचं. अंबाडीची भाजी, खारवड्या, आमच्या लेकीच्या, सुधाच्या लेकराचे लहान झालेले कपडे, सगळं वरून जायचं. तिकडून कधी भाकर यायची, कधी मोहाच्या फुलांच्या वड्या. भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, आमच्या ले-आउटमधल्या पोरी आमच्या अंगणात गाणी म्हणायच्या आणि तिकडच्या पोरी तिकडे. गाणं तेच, पण तिकडचं एक कडवं मागं पडायचं. खिरापतीचा डबा कोकिळा भिंतीवर धरून वाजवायची आणि दोन्हीकडच्या पोरी ओरडून ओळखायच्या. फुटाणे, मुरमुरे, शंकरपाळे. तिची खिरापत कोणाला कधी ओळखता आली नाही, कारण ती डब्यात दोन-तीन पदार्थ एकत्र भरायची. पोरी म्हणायच्या, मावशी लबाडी करते. ती म्हणायची, हरल्याशिवाय खायला काय मजा.

मागच्या दोन वर्षांत तिचे गुडघे गेले. पुलावरून फिरून जाणं तिला होईना. सीताबाईनं भांड्यांचं काम सोडलं होतं, ती आता बालवाडीत मदतनीस होती. पहिल्या पगारात तिनं नवीन कपबश्या घेतल्या आणि भिंतीवरून एक कप दाखवला. कोकिळाचं तेवढ्यानं भागेना. तिला त्या घरात बसून, त्या कपात चहा प्यायचा होता. आमच्याकडे सीताबाई आमच्याच कपात चहा प्यायची, त्यावरून ले-आउटमध्ये सुरुवातीला कुजबुज झाली होती. आता तिच्या घरी जायची पाळी आपली, असं कोकिळा म्हणायची.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिला बोलायला दम पुरत नव्हता. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाली, "मास्तरायले इचारलं का?"

"काय?"

"दाराचं."

"तू घरी ये, मग उघडू."

"पयले मी जाईन," ती म्हणाली. "तुमी मांगून या. धक्का नका देजा."

हे तिचं आणि माझं शेवटचं नीट बोलणं.

तर त्या दिवशी अंगणात आम्ही थांबलो होतो. मास्तर ओट्यावर बसले होते. ते एकदम उठले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "रूपराव, सब्बल आहे ना तुमच्याकडे?"

मी आत जाऊन सब्बल आणली. वाटलं, वासुदेवरावांना देतील. पण ते स्वतःच ती घेऊन बागेत गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला टोपी नाही, धोतर सावरत त्यांनी दाराच्या जागेवर घाव घातला. गिलाव्याचा पोपडा पडला. आतली माती दिसली.

"कोन ठोकून राह्यलं?" पलीकडून सीताबाई म्हणाली. बायका निघायच्या तयारीत होत्या.

"मी आहे, मास्तर. दार मोकळं करतो. इकडूनच या तुम्ही."

तिकडे बायकांची आपसांत काहीतरी बोलणं झालं.

"नका काढू, मास्तर," सीताबाई म्हणाली.

"काऊन?" मास्तर म्हणाले. मास्तरांच्या तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"नव्या दारातून पयलं पाऊल मयतीसाठी टाकू नाई. बाईनं लय हौस केली त्या दाराची. आमी फिरून येतो. तुमी फक्त थांबा."

मास्तरांनी सब्बल खाली ठेवली. परत येऊन ते ओट्यावर बसले आणि हातांची माती धोतराला पुसू लागले. वासुदेवरावांनी स्वतःच्या घरून चादर आणून कोकिळाच्या डोक्याशी सावली धरली.

बायका आल्या. चैत्राचं ऊन, काहींच्या पायांत चपला नव्हत्या. सीताबाईच्या हातात खण, तांदूळ आणि नारळ होता. आमच्या ले-आउटमधल्या बायका तिरडीभोवती बसल्या होत्या, क्षणभर कोणी हललं नाही. मग विमलाबाई उठल्या. कुंकवाचा करंडा त्यांनी सीताबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमी लावा. तुमची वाट पाहून राह्यली ते."

सीताबाईनं कुंकू लावलं. ओटी भरली. रडली नाही. कोकिळाच्या कानाजवळ वाकून काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही आणि मी तिला नंतर विचारलंही नाही.

तेरवीनंतर मास्तर घरी आले. म्हणाले, "रूपराव, आता उघडूनच टाकू. माझ्यामुळं लांबलं ते. कोणी यावं पहिलं?"

विमलाबाई म्हणाल्या, सीताबाईनं यावं. तिचा मान आहे. ती येईल, आपण तिची ओटी भरू, मग बाकीच्यांनी यावं. मला ते पटलं. मी पुलावरून फिरून सीताबाईकडे निरोप घेऊन गेलो. तिनं मला नव्या कपात चहा दिला. श्रावणनं खाट टाकली.

सीताबाई म्हणाली, "असं कसं, भाऊजी? बाई पयले इकडं येनार होती. आता तिच्या जाग्यावर विमलाबाईनं या लागते आमच्याकडं चहाले. आमी पयले गेलो तं बाईची इच्छा मोडते."

मी परत आलो. विमलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी जाईन ना, मले काय. पन इतके वर्स आपन दार नाई उघडलं. आता आपनच पयले घुसावं का त्यायच्याकडं? बरं दिसते का ते? त्यायनं या लागते."

मी पुन्हा गेलो. श्रावण म्हणाला, "बरोबर हाये त्यायचं. पन आमचं बी बरोबर हाये."

असं चाललं आहे. दोन्हीकडे कोणाला राग नाही. दोघी एकमेकींना भिंतीवरून नमस्कार करतात आणि "तुमी या" म्हणतात. संध्याकाळी मास्तर बागेत भेटले की विचारतात, "काय ठरलं?" मी सांगतो, "अजून नाही." कोकिळा असती तर तिनं कोणाला विचारलं नसतं. ती त्या दारातून निघून गेली असती, आणि मान कोणाचा हे लोक मागून ठरवत बसले असते. मला ते जमत नाही. ती मागून या म्हणाली होती, पुढे कसं जायचं ते सांगितलं नव्हतं.

पाऊस येऊन गेला. भुलाबाई बसल्या. दसऱ्याला मी मास्तरांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तेच म्हणाले, "माझ्याकडून केव्हाही."

सगळ्यांची तयारी आहे. दार अजून उघडलेलं नाही.