जागं लेकरू

गिरिजाअव्वाची करंगळी लेकराच्या ओठांपाशी आली, तेव्हा द्वारकाबाईने पदर ओढून त्याचं तोंड झाकून घेतलं.

"हिला नको, अव्वा."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना वाटलं, लेकराला ओकारी झाली असेल. भोंगा व्हायला थोडाच वेळ उरला होता. कापसाच्या जिनाच्या फाटकाशी गिरिजाअव्वा नेहमीप्रमाणे दगडावर बसली होती. पुढ्यात सहाण, सहाणेवर दुधात उगाळलेली अफू. रोज सकाळी बाया ओळीने आपापली लेकरं पुढे करत, अव्वा करंगळी सहाणेवर टेकवून ती लेकराच्या जिभेवरून फिरवी. बाया आत जाऊन सरकी काढायच्या रेच्यावर बसतात न बसतात तोच टोपल्यांतली लेकरं पेंगू लागत, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत मग घोर नसे. याला कोणी अफू म्हणत नसे. चाटण म्हणत. अफूचं दुकान सरकारी ठेक्याचं, भर पेठेत उघडं. तिथून आणलेल्या वस्तूत काही वावगं असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे.

"का गं? अंग गरम हाय?"

"न्हाय. हिला कधीच नको."

अव्वाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि करंगळी पुन्हा सहाणेवर टेकवली.

"चल, मागली पुढं ये."

ढोकीच्या अलीकडच्या त्या ठेसनावरून छोट्या गाडीचे डबे रुईच्या गाठी भरून निघत, म्हणून ही वस्ती. दोन जिन, एक तेलाची गिरणी, कोळशाचा ढीग आणि पत्र्याच्या खोल्यांच्या तीन ओळी. गावातले लोक तिला नाव द्यायलाही तयार नव्हते. 'जिनाकडं' एवढंच म्हणत, तेही नाक मुरडून. वस्तीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वाशीकडून, तामलवाडीकडून, पार कानडी मुलखातून आलेली माणसं ती. घरात कुणी कानडी बोले, कुणी दखनी, पण रेच्यांच्या धडधडीत सगळ्यांना एकाच पट्टीत ओरडावं लागे. तिकडे लढाई चालली होती, कापसाला मागणी होती, आणि फसली तेराशे बावन्नच्या त्या हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग ठेसनापर्यंत लागली होती.

वस्तीत सगळं मिळे, फक्त सासवा मिळत नसत. त्या गावी राहिल्या होत्या, घरं आणि म्हशी राखत. त्यामुळे जन्मभर सासूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बायांनाही लेकरू झालं की सासू आठवे. ती जागा गिरिजाअव्वाने भरून काढली होती. सुईण तीच, सकाळी चाटण देणारीही तीच. एखादं लेकरू गेलं तर त्याला शेवटची आंघोळ घालणारीही तीच. बदल्यात घरटी आठवड्याला पसाभर जवारी मिळे, त्यावर तिचं एकटीचं भागे.

दोन हंगामांपूर्वी द्वारकाबाईची सात महिन्यांची पोरगी टोपलीत झोपली, ती उठलीच नाही. बाया रडल्या. मुकादमाने तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. पुढं दुसरी मुलगी झाली तेव्हा तिचं नाव धोंडी ठेवलं. धोंड्याला कोण नेतंय, असा सगळ्यांचाच हिशेब होता. ही धोंडी आता पाच महिन्यांची झाली होती आणि आज पहिल्यांदाच आईबरोबर जिनात आली होती.

रेच्यावरचं काम तसं कळायला सोपं. ओंजळीने कापूस उचलून फिरत्या लाटण्यांच्या तोंडाशी धरायचा. रुई एका अंगाला पडते, सरकी खाली. फक्त हात थांबता कामा नये आणि नजर ढळता कामा नये. लेकरांच्या टोपल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे, सरकीच्या कोठाराच्या सावलीत असत. रेचे चालू झाले की शेजारणीचं साधं बोलणंही ऐकू येत नसे, पण आपलं लेकरू रडलं की बाईला ऐकू येई. कसं, ते विचारू नये.

धोंडी त्या दिवशी घटकाभर खेळली आणि मग रडायला लागली. द्वारकाबाईचा हात थांबला नाही. चोळी दुधाने भिजली, तरी ती कापूस धरत राहिली. पत्र्यापलीकडचं रडणं वाढलं तशा बाकीच्या अंगावर पाजणाऱ्या बायाही अस्वस्थ झाल्या, एकमेकींकडे आणि मग तिच्याकडे रागाने बघू लागल्या.

सुट्टी होताच मुकादम कल्याणप्पा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"चाटण दिलं न्हाईस?"

"न्हाय."

"का?"

"द्यायचं न्हाय म्हनून."

कल्याणप्पा काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने शेजारच्या रेच्यावरच्या फरिदाबीचा डावा हात धरून वर केला. त्या हाताला दोन बोटं नव्हती.

"हिला इचार. पल्याड लेकरू रडलं, हिनं मान वळवली. ध्यान गेलं की बोट जातंय, द्वारका. म्या शिव्या देतो त्या काय हौस म्हनून?"

द्वारकाबाईने धोंडीला पदराखाली घेतलं. लेकरू असं अधाशासारखं प्यायलं की तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. पहिली कधी अशी प्यायली नव्हती. ती अर्धवट झोपेतच प्यायची, तोंडात दूध तसंच राहायचं.

संध्याकाळी घरी परतताना फरिदाबी बरोबर होती. तिचा नवरा गफार जिनाच्या बॉयलरवर, भोंगा त्याच्याच हातात.

"मुकादम खोटं न्हाय बोलत," फरिदाबी म्हणाली. "पर माझा आयुब चार वर्साचा झाला तरी धड बोलत न्हाय. आमी म्हनतो, सुस्त हाय पोरगा. आता वाटतंय, कायकू सुस्त हाय?"

"मग तू बी देऊ नको तुझ्या धाकट्याला."

"तुझं बघते पैले."

दुसऱ्या दिवशीही द्वारकाबाई फाटकाशी थांबली नाही. त्या दिवशी रडणं जास्त झालं. रुद्रम्मा नावाच्या बाईने सगळ्यांसमोर तिला शिव्या घातल्या, त्या रडण्याने दूध भरून येऊन छाती ठणकते म्हणून. संध्याकाळी कल्याणप्पाने निक्षून सांगितलं.

"उद्या भोंग्याच्या आत ठरव. चाटण दे, न्हायतर घरी बस."

"म्या येनार. लेकरू बी येनार. चाटण न्हाय."

"मंग टोपलीपाशी कोन बसनार? तुझा बा?"

घरी बसणं म्हणजे गावी परत जाणं. नवरा महारुद्र तेलाच्या गिरणीत होता, पण एकट्याच्या मजुरीत खोली आणि पोट दोन्ही होत नव्हती. आणि गावी तरी काय होतं? तिला या वस्तीचा, कोळशाच्या वासासकट, अभिमान होता. स्वतःच्या हाताने कमावून खाणं तिला इथेच जमलं होतं.

दिवेलागणीला ती भाकरी थापत असताना गिरिजाअव्वा आली आणि आत न येता उंबऱ्यावरच टेकली. महारुद्र धोंडीला खांद्यावर घेऊन बाहेर गेला.

"एक सांगायचंय," अव्वा म्हणाली. "तुझी पैली गेली त्या दिवशीचं. सुट्टी व्हायच्या आधी ती उठली व्हती. किरकिर करत व्हती. मुकादम वराडला. म्या फाटकातनं आत गेले, तिला दुसऱ्यांदा चाटवली. तुला बोलले न्हाय."

द्वारकाबाईचे हात पिठात तसेच राहिले.

"आंघूळ घालताना मला कळलं व्हतं," अव्वा पुढे म्हणाली. "तरी दुसऱ्या दिशी सहाण घिऊन बसले. न बसून काय करनार? काल तू पदर आडवा घेतला, तवापास्नं जेवन जात न्हाय मला."

तव्यावरची भाकरी करपली. द्वारकाबाईने ती उलटली नाही. दोन वर्षं ती या म्हातारीवर जळत होती. तोंडावर अव्वा, अव्वा म्हणत होती आणि मनात तिला चुलीत घालत होती. आता ती समोर बसून कबूल करत होती, तर जळायला काही उरलंच नव्हतं. उरलं होतं ते फक्त तिचं स्वतःचं.

"त्या दिशी घरीच लई रडत व्हती ती," द्वारकाबाई म्हणाली. "तुमच्याकडनं आनून ठिवलेली व्हती चिमूटभर. म्या घरीच चाटवली. मंग फाटकाशी तुमी बोट पुढं केलं. 'दिलीय' म्हनायचं व्हतं मला. मागं रांग व्हती, भोंगा झाला व्हता. म्या तोंड पुढं केलं तिचं."

अव्वाने करंगळीपासून बोटं मोजली.

"म्हंजे तीन येळा."

"व्हय."

हे दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि आत्तापर्यंत दोघींपैकी एकीलाही पुरतं माहीत नव्हतं. द्वारकाबाईला वाटलं आता आपण ओरडू, पण रडूसुद्धा आलं नाही. तिने करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवा गोळा हातात घेतला.

"उद्या फाटकाशी बसू नका, अव्वा. आत टोपल्यांपाशी बसा. लेकरं जागी ऱ्हाऊ द्या."

"बाया जवारी देत्यात ती चाटनाची. बसल्याची कोन दील?"

"म्या दीन. मंग बाकीच्या बी देतील."

अव्वा उठली, उंबऱ्याला हात धरून उभी राहिली.

"माझ्या हातात देशील तुझं लेकरू?"

द्वारकाबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्या कडा बोटांनी सारख्या करत राहिली. उत्तराची वाट बघून अव्वा निघून गेली.

सकाळी फाटकाशी एकच गोंधळ उडाला. अव्वा जागेवर नाही, सहाण नाही. लेकरं कडेवर टक्क जागी, आणि बाया एकमेकींना विचारतायत. कुणी म्हणालं, आजारी पडली असेल. रुद्रम्माने कनवटीची पुडी काढून आपल्या लेकराला स्वतःच चाटवलं आणि फणकाऱ्याने आत गेली. बाकीच्यांकडे पुडी नव्हती. तेवढ्यात गफारने भोंगा दिला.

कोठाराच्या सावलीत गिरिजाअव्वा पाय पसरून बसली होती. टोपल्या तिने आपल्याभोवती ओढून घेतल्या होत्या. घरून निघताना द्वारकाबाईचं सगळं ठरलं होतं, पण तिथे आल्यावर तिचे पाय जागीच थांबले.

"हात बघू," ती म्हणाली.

अव्वाने दोन्ही तळवे पुढे केले. "राखेनं घासल्यात. वास घे पायजे तर."

द्वारकाबाईने खरंच वाकून वास घेतला, दोन्ही हातांचा, बोटाबोटाचा. मागे उभ्या असलेल्या बाया बघत होत्या. म्हातारीला त्याचं वाईट वाटलं की नाही कळलं नाही, तिने हात मागे घेतले नाहीत. मग द्वारकाबाईने धोंडीला तिच्या पायांवर ठेवलं.

"भूक लागली की वराडती. वराडू द्या."

फरिदाबीने आपला धाकटा तिच्याशेजारी ठेवला. मग तिसरी पुढे आली. बाकीच्यांनी दुसरा इलाज नाही म्हणून ठेवली.

तासाभरात पत्र्यापलीकडे जे काही सुरू झालं, ते या जिनाने कधी ऐकलं नव्हतं. एकोणीस लेकरांपैकी अठरा जागी होती. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, आणि अव्वा कुणावर तरी कानडीत ओरडत होती. कल्याणप्पा कोठाराशी गेला, तिथे उभा राहिला, मग फाटकापलीकडच्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या बायांना घरी पाठवलं तर रेच्यावर बसणार कोण, हे त्यालाही कळत होतं.

"सुट्टीपत्तूर बघतो," तो अव्वाला म्हणाला. "एकीचं बी बोट गेलं तर तू आन म्या हाये."

धोंडी रडत होती. द्वारकाबाईला तिचा आवाज अठरांतून वेगळा ऐकू येत होता. तिचे हात एका लयीत चालले होते, ओंजळीमागून ओंजळ, आणि नजर लाटण्यांवर खिळलेली. इतकं सरळ काम तिने दोन दिवसांत केलं नव्हतं.

मग धोंडीचं रडणं थांबलं.

द्वारकाबाईचे हात थांबले. रेचा रिकामाच खडखडत राहिला. फरिदाबीने तिच्याकडे पाहिलं आणि चटकन आपली नजर परत कामावर नेली. त्या रिकाम्या खडखडाटाने कल्याणप्पा धावत आला आणि तिच्या कानाशी ओरडला.

"हात का थांबला? आता तर रडत बी न्हाय ती!"

"म्हनूनच," द्वारकाबाई म्हणाली.

ती जागची उठली नाही. मान किंचित तिरपी करून पत्र्याकडे कान देऊन बसली. कल्याणप्पाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. दोन हंगामांपूर्वी याच सावलीतून तिचं पहिलं लेकरू बाहेर नेताना तो सोबत चालला होता. तोही पत्र्याला कान लावून उभा राहिला.

पलीकडे अव्वाने एक टोपली सरकवली, आणि धोंडीने भुकेचा असा टाहो फोडला की मुकादमानेही दचकून कान मागे घेतला.

द्वारकाबाईने ओंजळभर कापूस उचलला आणि रेच्याच्या तोंडाशी धरला.