नाकाडोंगरीचं दार

"नाकाडोंगरीचं दार पुन्हा उघडलं!" मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीतून ओरडला. "भूपेंद्र, हे रोज दुपारी लाल कायले येऊन राहिलं बे?"

भूपेंद्रला कारण चांगलं ठाऊक होतं, पण सांगायला तोंड कुठं होतं? जिल्हाभर वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या भंडाऱ्यातल्या ऑफिसात तो पडदा पाहायच्या कामाला होता. कुठल्या टॉवरची वीज गेली, कुठं कुणी चुकीचा पासवर्ड टाकतोय, कुठल्या टॉवरखालच्या खोलीचं दार उघडलं, सगळं त्या पडद्यावर लाल ओळीत यायचं. ओळ दिसली की फोन करून विचारायचं, एवढंच काम. पण गळ्यात ओळखपत्र काय आलं, स्वारी स्वतःला पोलीस कमिशनर समजू लागली होती.

आणि नाकाडोंगरीच्या टॉवरवर राहणारा गार्ड बाबूलाल हा त्याचा सख्खा बाप होता. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. ठेकेदाराकडं कामाला लावतानाच या दिवट्यानं बापाला बजावलं होतं, "ऑफिसच्या टायमात फोन नको करू. अन् समोर आला त साहेब म्हणजो."

"बरं," बाबूलाल म्हणाला होता. "मंग मी जेवलो का दार एकदा उघडून लावीन. तुले तिथं दिसते ना? तुही माय रोज विचारते, बुढा जेवला का म्हून."

म्हातारा शब्दाला जागला. रोज दुपारी लाल ओळ उमटायची आणि लगेच विझायची. जेवला. असल्या बापाची लाज वाटणाऱ्या पोराला काय म्हणावं? मॅनेजर ओरडला त्या दिवशी भूपेंद्रनं बापाशी एक शब्द न बोलता नाकाडोंगरीच्या दाराचा अलर्टच बंद करून टाकला. पडदा हिरवागार. मॅनेजर खूश, पोरगा खूश. कानात बोळे घातले की घरात शांतता असतेच!

म्हाताऱ्याला कोण सांगणार? तो आपला जेवून दार उघडत होता, लावत होता.

असेच काही दिवस गेले आणि भर उन्हात टॉवरपाशी एक पिकअप येऊन थांबली. चौघे जण, डोक्यावर हेल्मेट. बॅटऱ्या बदलायच्या आहेत, खोली उघड, म्हणाले. बाबूलालला संशय आला. त्यानं कागद मागितला, तर त्यांनी त्याचाच मोबाईल हिसकावून घेतला. मग म्हाताऱ्यानं डोकं चालवलं. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "कुलूप अटकून राहिलं साहेब, जरा थांबा." तिकडं पडद्यासमोर आपला पोरगा बसला आहे, एवढ्यांदा लाल दिसलं तर पोलीस धाडेल, अशी त्याची पक्की खात्री. शेवटी त्यांनी त्याला ढकलून दिलं आणि बॅटऱ्या भरून नेल्या. पोरगा तेव्हा चहा पीत हिरव्या पडद्याकडं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी बाबूलालला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर यायच्या आत भूपेंद्रनं अलर्ट गुपचूप चालू करून ठेवला होता. निर्लज्जपणाला हुशारी म्हणत असतील, तर पोरगा भारी हुशार.

"सर, अलर्ट आलाच नाही," तो म्हणाला. "गार्डनं दाराची तार काढून ठेवली असंल. आत एसी असते ना, झोपाले."

"काय हो बाबूलाल? तार तुम्ही काढली?"

बाबूलालच्या फुटलेल्या कोपरावर फडकं बांधलेलं होतं. त्यानं पोराकडं पाहिलं. पोरगा मान खाली घालून कीबोर्ड पुसत होता. इतक्यांदा उघडलेलं दार भंडाऱ्यात कसं दिसलं नाही, ते म्हाताऱ्याला तेव्हा कळलं.

"हो साहेब. मीच काढली."

"कोणती तार?"

"होती एक."

मॅनेजरला तेवढं पुरलं. त्यालाही वर कुणाचं तरी नाव कळवायचंच होतं. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला आणि आपल्या काचेच्या खोलीत निघून गेला.

बाबूलालनं शिट्टी आणि किल्ली टेबलावर ठेवली. दारापर्यंत जाऊन तो वळला. दुपार कलली होती आणि त्याच्या मायनं, शकुनबाईनं, बांधून दिलेला भूपेंद्रचा डबा तसाच बंद होता.

"साहेब," तो पोराला म्हणाला, "जेवून घ्या."

आणि बाहेर पडून त्यानं काचेचं दार हळूच लावून घेतलं.