बदली की बदलीवर

निरोप तोंडी होता, तिथेच घोळ झाला.

कंधारच्या जिनिंगचे मुनीम अमृतराव यांनी चंद्रप्पा मिस्त्रीला फाटकातच गाठले. "शेठचा निरोप हाय. लातूरच्या डाळमिलवर तुमची बदली. सोमवारी हजर व्हा."

पावसाने लागोपाठ दगा दिला होता. कापूसच येत नसल्यामुळे जिनिंगची यंत्रे बंद पडून होती आणि चंद्रप्पा रोज येऊन त्यांना नुसते तेल देत होता. जिनिंगचे मालक ईश्वरप्पा शेठ यांची लातुरात तुरीची डाळमिल होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथे कचेऱ्या येणार, वस्ती वाढणार, असे जो तो बोलत होता. चंद्रप्पाने निरोपाचा सरळ अर्थ लावला. तहसीलदाराची होते, मास्तरांची होते, तशी आपलीही बदली झाली.

जिनिंगवर उरलेल्या माणसांनी त्याला रीतसर निरोप दिला. शाल, हार, नारळ.

"मिस्त्री, जिल्ह्याच्या गावी चालले. आता वळख तरी देताव का?"

"नारळ दिलाय म्हणल्यावर हितून तर सुटलेच ते!"

सगळे हसले. चंद्रप्पाही हसला. भाड्याची खोली सोडून, गुरम्माला आणि सामानाला टेंपोत घालून तो लातूरला आला.

डाळमिलवर ईश्वरप्पा शेठ गादीवर बसले होते. ते म्हणाले, "बरं झालं आलात. आमचे शेषेराव मिस्त्री पडले, पाय मोडला. ते येईस्तोवर तुम्ही बदलीवर."

"बदलीवर? माझी तर बदली झालीय न्हवं?"

"तेच तर सांगून राहिलो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. समोरच्याला साधी गोष्ट कळत नाही, असे दोघांनाही वाटले.

"मग कंधारचं?" चंद्रप्पाने विचारले.

"कंधारला काय ठिवलंय आता? कापूस आला तर बघू."

लातुरात घेतलेल्या खोलीवर गुरम्मा भांडी लावत होती. ऐकून तिचा हात थांबला. "म्हंजे आपण हितं हाव का तितं हाव?"

"हितं. सध्या."

"आन् सध्या सरल्यावर?"

परत जावे, असे चंद्रप्पाने हळूच सुचवून पाहिले. गुरम्मा उसळली. "हार घालून घेतला, शाल घेतली. आता कोणत्या तोंडानं जायाचं? नारळ घेऊन आलो, करवंटी घेऊन जाऊ का?"

तो राहिला. पण काम हाताला येईना. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करताना काम नीट चालले की नाही, हे त्याला यंत्राच्या आवाजावरून कळायचे. इथे तूर होती. साल सुटावी म्हणून तिला तेल चोळायचे, पाणी मारायचे, वाळवायचे आणि मग रोलरमधून काढायचे. दुष्काळात पाण्याचा टँकर एक दिवस यायचा, एक दिवस नाही. कमी भिजलेल्या तुरीची साल निघेना, म्हणून चंद्रप्पाने रोलर आवळला. साल निघाली, पण डाळीचा चुरा झाला. बैलांना घालण्याजोगा मोठा ढीग पडला.

शेठनी चुरा मुठीत घेऊन पाहिला. हमाल बोलले. "कापूसवाल्यानं डाळीचं पीठच करून दिलं. आता गिरणीचा डबल धंदा!"

त्या दिवशी तो घरी न जाता शेषेरावचे घर विचारत गेला. आपण कशाला चाललो आहोत हे त्याला नीट सांगता आले नसते. ज्याच्या जागी आलो त्यालाच काम विचारायचे, हे त्याला चोरीसारखे वाटत होते. न विचारावे तर उद्या पुन्हा चुराच.

शेषेराव बाजेवर पाय लांब करून बसला होता. पायाला प्लास्टर होते. त्याने चंद्रप्पाला बस म्हटले नाही.

"आधी एक सांगा. तुमची बदली झालीय का तुम्ही बदलीवर आलात?"

"खरं सांगू? मलाच ठाऊक न्हाई. निघालो तवा बदली होती. पोचलो तवा बदलीवर झालो."

शेषेराव हसला नाही. पण त्याने पायाखालची उशी काढून चंद्रप्पाकडे सरकवली. "बसा. तुम्हाला शिकवलं तर माझं काय होईल, याचा विचार करून राहिलो मी."

"तुम्ही आलात की मी जातो."

"कुठं?"

"ते न्हाई माहीत."

"सगळंच न्हाई माहीत तुम्हाला," शेषेराव म्हणाला, आणि सांगू लागला. कमी भिजलेली तूर एकदम काढायची नाही. रोलर सैल ठेवून एक हात, म्हणजे एकदाच, काढायची, पुन्हा तेल लावायचे, वाळू द्यायची, मग दुसरा हात. वेळ जातो, शेठ ओरडतात. ओरडू द्यायचे.

चंद्रप्पा पुढेही जात राहिला. कधी काही अडले म्हणून, कधी नुसताच. डाळ अख्खी पडू लागली. हमाल त्याला मिस्त्री म्हणू लागले. पण आवाजावरून ओळखण्याची त्याची जुनी सवय इथे फसवी ठरत होती. डाळ नीट चालली की रोलर कुरकुरायचा, आणि बिघडली की गुळगुळीत आवाज यायचा. इतक्या वर्षांचे कान खोटे ठरत होते. त्याला बरे वाटावे की वाईट, हे कळत नव्हते.

मग एके दिवशी शेषेराव काठी टेकत आला. शेठनी दोघांना गादीपाशी बोलावले.

"चंद्रप्पा, तुम्हीच राहा आता. कायम. शेषेरावला यंत्रावर चढणं जमायचं न्हाई."

शेषेराव काठीच्या टोकाकडे पाहत होता. चंद्रप्पाला कायम हा शब्द ऐकायचा होता. तो ऐकू आला, पण त्याची नजर शेषेरावच्या काठीवर गेली. आज याचा पाय, उद्या आपला.

"मी बदलीवर आलतो, शेठ. मिस्त्री आले. वर चढायला एखादा हमाल द्या त्यांना."

"वेडे झालात का? कंधारचं जिनिंग मी विकून राहिलो. तिकडं तुमचं काय न्हाई."

हे चंद्रप्पाला नवे होते. पण तोंडातून निघालेले परत घ्यावेसे वाटले नाही. घेता आले असते का, तेही त्याला उमगले नाही. शेठ चिडून म्हणाले, "जावा मग. ऱ्हावा शेषेराव, तुम्हीच ऱ्हावा."

शेषेराव लंगडत फाटकापर्यंत आला. तो रागात होता. "कुणी सांगितलं होतं दानधर्म करायला? आता आयुष्यभर तुमचं नाव घेऊ का मी?"

"नका घेऊ."

"घरी काय सांगणार?"

"तेच तर समजून न्हाई राहिलं."

शेषेरावने काठीने माती उकरली. मग म्हणाला, "औसा रोडवर एक गिरणी हाय. हरभऱ्याची. तिथला मिस्त्री आजारी पडलाय, माणूस हुडकून राहिलेत. पर तिथंबी बदलीवरच."

"हरभरा कसा काढतेत?"

"मला काय माहीत? मी तुरीवाला."

चंद्रप्पा चालत औसा रोडला गेला. तिथल्या मालकाने विचारले, "कोणत्या कामाचे मिस्त्री तुम्ही?" जिनिंगचा, असे आजवर तो न थांबता सांगत आला होता. या वेळी शब्दच आला नाही. तो म्हणाला, "आधी यंत्र तर दाखवा." मालकाने दाखवले. ते त्याला अजिबात कळले नाही. उद्यापासून या, मालक म्हणाले.

गुरम्माने सगळे ऐकून घेतले. हातातली लाटी तशीच ठेवून तिने कपाळाला हात लावला.

"हातातलं कायम सोडून आलात?"

"हाव."

"का पर?"

"सांगता येईना गं."

"आन् ही नवी गिरणी? तिथला मिस्त्री बरा झाला की?"

"दुसरी बघू. लई गिरण्या हायेत हितं. कुणी ना कुणी आजारी पडतंयच."

गुरम्माला हसू आले, आणि ते आल्याचा तिला रागही आला. "किती दिवसांचं काम हाय, ते तरी विचारलं का न्हाई?"

"न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. "हरभरा भिजवतेत का न्हाई, तेवढं विचारलं."