खालचे आजोबा

घर लागलं का, असं फोनवर जो तो विचारायचा. लागलं, असं बाई सांगायच्या. आणि खोटं काय होतं त्यात? भांडी कपाटात होती, गाद्यांवर चादरी होत्या, दारामागे पायपुसणं होतं. घर लागायला आणखी काय लागतं? फक्त त्या घरात कोणी राहतंय असं बाहेरून कान लावणाऱ्याला कळलं नसतं, एवढंच.

बाई म्हणजे पीटीच्या बाई. तिकडे आपल्या गावी एका शाळेत खेळ शिकवायच्या. अंगाने काडी, पण आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाला चिंचा पाडणारी कार्टीसुद्धा ताठ उभी राहायची. यांच्यामुळे शाळेचा घंटेचा खर्च वाचला, असं हेडमास्तर म्हणायचे. गळ्यातली शिट्टी नुसती शोभेची. मग नवऱ्याला परदेशात बाटल्या भरायच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची नोकरी लागली आणि बाईंनी राजीनामा दिला. नशीब काढलंत हो, असं सगळे म्हणाले. बाईही सगळ्यांबरोबर तसंच म्हणाल्या.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. पहिल्या दिवशी इमारतीची देखभाल करणारा माणूस घर दाखवायला आला. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं किल्लीवाला. त्याने नळ दाखवले, बटणं दाखवली, खिडकी कशी ओढायची ते दाखवलं. मग जमिनीकडे बोट केलं, पाठीत वाकून दोन पावलं म्हाताऱ्यासारखा चालला, खोकला, गालाखाली हात घेऊन झोपला आणि शेवटी ओठांवर बोट ठेवलं. भाषा कोणाची कोणाला येत नव्हती, पण हे कळायला भाषा कशाला हवी? खाली म्हातारे गृहस्थ राहतात, आजारी असतात, आवाज करू नका. नवऱ्याने छातीवर हात ठेवून मान डोलावली. तो गेल्यावर म्हणाला, आपण परकी माणसं, कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही.

आता आपल्याकडे कसं असतं, म्हातारा माणूस, त्यात आजारी, म्हटलं की तो परका राहतच नाही. दोन दिवसांत त्या गृहस्थांचे 'खालचे आजोबा' झाले. पाहिलं कोणीच नव्हतं, पण आजोबांची दुपारची झोप, आजोबांचं दुखणारं डोकं, सगळं घराला तोंडपाठ. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. मिक्सर गोधडीत गुंडाळून फिरवायचा. कुकर कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, कारण शिट्टी. भात पातेल्यात शिजायला लागला आणि रोज बुडाला लागायला लागला. नवरा दिवसभर बाटल्यांच्या खणखणाटात काढून यायचा, त्याला ही शांतता मानवली. बाई कुजबुजीत बोलायला शिकल्या. सुरुवातीला घसा दुखायचा, मग दुखेनासा झाला.

राहिली पोरगी. सात वर्षांची. मामाने नाव ठेवलं होतं भिंगरी, आणि ते काही उगीच नव्हतं. चालणं तिला माहीतच नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत जायचं तर लंगडी घालत, नाहीतर कदमताल करत, गुडघे छातीला लावून, पाय असे आपटत की तिकडे मांडणीतली पेले-ताटं थरथरायची. आईनेच शिकवलेलं सगळं. इथे आल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती पलंगावरून जमिनीवर आणि जमिनीवरून पलंगावर उड्या मारत होती. बाई सकाळपासून खोकी फोडून फोडून कावल्या होत्या. ओरडावं तर ओरडायची सोय नाही. म्हणून दातओठ खात हळू आवाजात म्हणाल्या, "असा धिंगाणा घातलास ना, तर आजोबा घर सोडून निघून जातील. तुझ्यामुळे."

आया काय वाट्टेल ते म्हणतात. बागुलबुवा येईल म्हणतात, पोलीस धरून नेतील म्हणतात. ते मनावर कोण घेतं? बाई बोलल्या आणि पुढचं खोकं फोडायला लागल्या.

त्यानंतर पोरगी एकदम शहाणी झाली. चवड्यांवर चालायला लागली. दप्तर खाली ठेवायचं तर आधी जमिनीवर हात टेकवायची आणि मग हातावर दप्तर. बोलणंही कमी झालं. काही हवं असलं की जवळ येऊन ओढणी ओढायची आणि बोटाने दाखवायची. नवऱ्याला कोण कौतुक. बघ, म्हणे, परदेशात आली आणि किती समजूतदार झाली. मामाचा फोन आला की भिंगरी फोनपाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायची. मामा तिकडून म्हणायचा, "ताई, तुझा फोन भंगारात दे. तुझा आवाज येत नाही, पोरीचा आवाज येत नाही. नाहीतर मीच बहिरा झालो असं तरी सांग." बाई हसायच्या. हसण्याचाही आवाज यायचा नाही.

थंडीचे दिवस संपत आले तेव्हा शाळेतून बोलावणं आलं. एव्हाना बाईंना तिथली भाषा कामापुरती कळायला लागली होती, आणि वर्गशिक्षिकाही समजूतदार, एकेक शब्द सुटा करून बोलणारी. तिचं म्हणणं असं की मुलगी शाळेत बोलत नाही. कमी नाही, अजिबातच नाही. मधल्या सुट्टीत सगळी पोरं धावतात, ही भिंतीला पाठ लावून उभी. सत्र संपेपर्यंत असंच राहिलं तर तिला तपासणीला पाठवावं लागेल, आणि मग बहुधा निराळ्या वर्गात. बाईंनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. भिंगरी होती भिंतीला टेकून, हात मागे बांधून.

भिंतीला टेकलेली पोरं बाईंनी काय कमी पाहिली होती? दर वर्षी एखाददुसरं असायचंच. बाई सरळ जाऊन मनगट धरायच्या आणि खेळात ओढायच्या. पहिल्या दिवशी रडायचं, आठवडा गेला की घरी जायचं नाव घ्यायचं नाही. त्यांचा तर त्यात हातखंडा. आणि आता स्वतःचं पोर भिंतीला टेकलेलं बघत त्या खिडकीशी उभ्या होत्या, आणि त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, हे कळत होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, बोट लावलं तरी दुसऱ्याच्याच गालाला लावल्यासारखं, तसं झालं होतं. ते आज झालं नव्हतं. कधीपासून होतं कोण जाणे. बाईंनी शिक्षिकेचे आभार मानले आणि येताना कांदे घेतले. भाषा आली की बोलेल गं, असं नवरा म्हणाला. हो, असं बाई म्हणाल्या.

मग तो शनिवार. नवऱ्याला कारखान्यात जावं लागलं होतं, बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या, आणि भिंगरीने येऊन ओढणी ओढली. बोटाने पॅसेजकडे दाखवलं. पाहतात तो काय, वॉशिंग मशीनची नळी निसटलेली आणि पाणी बाथरूम ओलांडून पॅसेजभर. कारखान्यातली यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने बसवलेली नळी ती. बाईंनी नळ बंद केला. पहिला विचार आला तो आजोबांच्या छताचा. म्हातारं माणूस, अंथरुणात पडलेलं, आणि वरून पाणी. पोरीच्या हातात होते नव्हते ते टॉवेल दिले, पूस म्हणाल्या, आणि पिठाच्या हातांनी जिना उतरल्या. उतरताना माफी मागायची वाक्यं तिथल्या भाषेत जुळवत होत्या.

घंटी वाजवली, दार उघडलं नाही. ठोठावलं, तरी नाही. एकटा म्हातारा जीव, आत पाय घसरून पडले असले तर? तशाच खाली पळाल्या आणि किल्लीवाल्याला घेऊन आल्या. त्याने जुडग्यातली किल्ली शोधली, दार ढकललं आणि बाजूला झाला.

आत काहीच नव्हतं. पलंग नाही, पडदा नाही, खुर्ची नाही. तसबिरी काढलेल्या ठिकाणी भिंतीवर फिकट चौकोन, आणि स्वयंपाकघरात रंगाचा एक वाळलेला डबा. छताला हाताच्या पंजाएवढा ओलीचा डाग. आजोबा कुठायत, असं बाईंनी विचारलं. ते होय, असं किल्लीवाला म्हणाला, ते तर केव्हाच लेकीकडे राहायला गेले. तुम्ही आलात ना, त्यानंतर लगेचच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तेव्हापासून भाडेकरूच मिळत नाही. मग हसून म्हणाला, तुमच्याकडूनही कधी आवाज येत नाही, मला तर वाटायचं तुम्हीही गेलात.

बाईंनी मान हलवली. किल्लीवाला नळी बघायला वर गेला आणि त्या तिथेच थांबल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने डोक्यावर त्याचे बूट वाजले. दारापासून पॅसेज, पॅसेजातून बाथरूम, एकेक पाऊल स्वच्छ. म्हणजे खाली ऐकू येत होतं तर सगळं. बाई बरोबर पॅसेजच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. वर भिंगरी टॉवेल घेऊन बाथरूममधून पॅसेजात आणि पॅसेजातून बाथरूममध्ये चाललेली असणार. त्यांनी मान वर करून कान दिला. बूट वाजले, थांबले, पुन्हा वाजले. पोरीचं काही नाही. त्यांनी श्वास रोखला. किल्लीवाला उभा राहून नळी आवळत असावा, कारण आता बूटही वाजेनात. आपलं पोर आपल्या डोक्यावर हातभर अंतरावर चालतंय आणि वर कोणी नाहीच अशी शांतता. बाई किती तरी वेळ तशाच मान वर करून उभ्या होत्या.

त्या वर आल्या तेव्हा किल्लीवाला काम संपवून निघालाच होता. दार लागलं. भिंगरी चवड्यांवर उभी राहून ओल्या टॉवेलांची चळत करत होती. बाई पॅसेजच्या मधोमध ताठ उभ्या राहिल्या. तोंड उघडलं तर पहिल्यांदा नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्यांदा आवाज आला, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा, जरा गंजलेला.

"कदमताल."

पोरगी दचकली. पण शिकवलेलं अंगात होतं. पाठ ताठ झाली, मुठी वळल्या, गुडघे वर यायला लागले. एक-दोन, एक-दोन, असं बाई म्हणत होत्या. गुडघे अगदी बरोबर छातीपर्यंत येत होते, हात बरोबर हलत होते, आणि पाय ओल्या फरशीवर टेकताना जराही आवाज होत नव्हता. पाय आपट, बाई म्हणाल्या. पोरगी थांबली. तिने जमिनीकडे बोट केलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

"खाली कोणी नाही गं," बाई म्हणाल्या. "आजोबा गेले त्यांच्या लेकीकडे. आपण आलो ना, त्यानंतर लगेचच गेले. आता कितीही नाच."

बाईंना वाटलं होतं, पोरगी उडी मारेल. ती उभीच राहिली. चळतीवरचा टॉवेल उचलून तिने छातीशी घट्ट धरला आणि त्याचं पाणी तिच्या फ्रॉकवर ओघळायला लागलं. मग कित्येक महिन्यांत बोलली नव्हती एवढं मोठं वाक्य ती बोलली, कुजबुजतच.

"मी पलंगावरून उड्या मारल्या म्हणून गेले?"

कसल्या उड्या, ते बाईंना आधी आठवलंच नाही. मग खोकं आठवलं, त्याची चिकटपट्टी आठवली, आणि पट्टी ओढता ओढता आपण काय म्हणालो ते शब्द न् शब्द आठवलं. सुई उतरायला लागली की गाल आधी दुखतो. बाईंना सगळीकडून एकदमच दुखलं. त्या तशाच पाण्यात बसल्या, पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि नाही म्हणाल्या. नाही गं राजा, तुझ्यामुळे नाही, मी खोटं बोलले होते, तुझी आई खोटं बोलली होती. रडत, मोठमोठ्याने, तिकडच्या मैदानावरसुद्धा कधी काढला नसेल एवढा आवाज काढून त्या ते पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

पोरीने आपला ओला हात आईच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.