सव्वीस खांब

तनुजाने उत्तरसूचीचे पान अख्खे नव्याने उतरून काढले. खाडाखोड केली असती तर ती दिसली असती. पहिली दहा उत्तरे होती तशीच ठेवली; अकराव्या ओळीत मात्र चोवीसच्या जागी सव्वीस लिहिले. हा आकडा तिने विचार करून निवडला होता. शाई वाळेपर्यंत ती थांबली, जुन्या पानाचे तुकडे करून टोपलीत टाकले आणि नवे पान पॅडला लावून, सहज राहून गेल्यासारखे, टेबलावर तिरपे ठेवून दिले.

अकरावे कार्ड दिसायला लहान होते. चौरस मैदानाच्या प्रत्येक बाजूला सात खांब. चारही कोपऱ्यांत एकेक खांब आहेच. तर एकूण खांब किती? कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंचा असतो हे ज्याला कळते त्याला चोवीस मिळतात. सव्वीस लिहील तो पाहूनच लिहील.

चौथीच्या त्या वर्गात बेचाळीस मुले होती. ज्यांचे आधी आटोपते त्यांनी उरलेल्या वेळाचे काय करायचे, या प्रश्नावर तनुजाने नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा शोधून काढला होता. त्यात एकाहून एक कठीण गणितांची कार्डे. आणि जो सर्वांच्या पुढे असेल त्याच्या हाती उत्तरसूची. मागच्यांची कार्डे त्याने तपासायची. बेचाळिसांना दोन हात पुरत नाहीत, म्हणून पडलेली ही पद्धत. गेला महिनाभर ते पॅड आम्रपालीकडे होते. खिडकीशेजारी बसणारी, शब्द जपून वापरणारी मुलगी. तिची स्वतःची दहाच्या दहा कार्डे बरोबर आली होती.

"दहाच्या दहा?" शेजारच्या पाचवीचे ज्योतीराम सर काल जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले होते. "एक न्हाई चुकलं?"

"नाही."

"बाप चाकणला कंपनीत, आई सोसायटीत कामाला. घरी सांगनारं कोन हाय? आन् उत्तरं कुनाच्या हातात असत्यात, बाई? तुमीच देता की." ते हसले, भाकरी मोडली. "माझं काय म्हननं न्हाई. शिष्यवृत्तीच्या वर्गाला दोन नावं जायची. सार्थकचं हायेच. दुसरं मोनिकाचं द्या. गावातली पोरगी, कुनी इचारनार न्हाई."

तनुजाने लोणच्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली होती. पण त्या दुपारपासून ती मुलीचे उत्तर बघायची सोडून मुलीचे डोळे बघू लागली. पेन्सिल कधी थबकते, मान कधी वळते, पॅडवरून नजर उचलायला किती वेळ लागतो. एकदा संशयाने पाहायला लागले की साधे पापणी लवणेही पुरावा होते. त्याआधी एक महिना ते पॅड सार्थककडेही होते. त्याच्यासाठी आपण असे पान लिहिले नव्हते, हे तिला आता आठवले, आणि तिने उगाच उठून स्वच्छ असलेला फळा पुन्हा पुसला.

मधल्या सुट्टीनंतर तिने आम्रपालीला अकरावे कार्ड दिले. अर्ध्या तासाने नेहमीसारखे पॅड दिले.

"एवढी कार्डं तपासून ठेव. मी ऑफिसात जाऊन येते."

ऑफिसात तिचे काहीच काम नव्हते. व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून ती रावेतच्या दिशेला अर्धवट उभ्या इमारतींवर फिरणारी क्रेन पाहत राहिली. दहा मिनिटांनी परतली तेव्हा आम्रपाली वेणीचे टोक दातांत धरून वहीत वाकली होती. तनुजाची चाहूल लागताच तिने वही मिटली.

शाळा सुटताना कार्ड टेबलावर आले. खाली नीटस अक्षरात लिहिलेले: सव्वीस.

तनुजाला वाईट वाटायला हवे होते. वाटला तो हलकेपणा, जणू अडून बसलेले उदाहरण एकदाचे सुटले. उद्या मुख्याध्यापकांना द्यायची यादी तिने काढली, 'सार्थक' खालच्या मोकळ्या ओळीवर पेन टेकवले, आणि मग म्हणाली,

"आम्रपाली, थांब जरा. वही आण."

मुलीने दप्तर छातीशी धरले. "बाई, त्यात कच्चं आहे."

"तेच आण."

वर्ग रिकामा झाला होता. वहीच्या मागच्या पानावर चार चौकोन काढलेले होते, कडेने ठिपके. पहिल्याखाली चोवीस. दुसऱ्याखाली चोवीस, प्रत्येक ठिपक्याला क्रमांक देऊन. तिसऱ्याखालीही चोवीसच, इथे पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

"तीनदा चोवीस आलंय," तनुजा म्हणाली. "मग सव्वीस का लिहिलंस?"

"तुमच्या कागदावर सव्वीस आहे."

"म्हणजे पाहिलंस."

"तपासताना दिसलं. दहाव्याच्या खालीच आहे ना." आम्रपालीचा आवाज बारीक झाला. "आधीची दहा माझी तुमच्याशी जुळायची. हे नाही जुळलं. मग माझं कुठं चुकलं ते शोधत बसले." तिने चौथ्या चौकोनावर बोट ठेवले. "इथं सापडलं. हे फाटक. फाटकाचे दोन खांब आत वेगळे असतात. पप्पांच्या कंपनीच्या गेटला आहेत तसे. ते बाजूच्या सातांत धरायचे नाहीत. म्हणून सव्वीस."

"कार्डात फाटक कुठं आहे?"

"नाही. पण मग मैदानात जायचं कसं?"

तनुजाने वही हातात घेतली. चौथ्या चौकोनातले ते दोन ठिपके इतके जपून काढले होते की ते खोडावेत असे कुणाला वाटू नये. बाईंचे बरोबर ठरावे म्हणून मुलीने जमिनीत दोन खांब नवे रोवले होते.

"चोवीसच बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग कागदावर?"

"माझं चुकलं."

आम्रपालीने तिच्याकडे पाहिले. गणिताकडे पाहायची तशीच, न घाबरता, थोडा जास्त वेळ.

"चुकून अठ्ठावीस आलं असतं, बाई. सात चोक. सव्वीस कसं आलं?"

खालच्या मैदानावर कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला.  तनुजाने यादी पुढे ओढली, मोकळ्या ओळीवर सावकाश 'आम्रपाली' लिहिले, मग वडिलांचे नाव 'भीमराज', मग आडनाव, आणि कागद फिरवून मुलीपुढे केला.

"हे बघ. जानेवारीपासून शिष्यवृत्तीचा खास वर्ग."

आम्रपालीने अक्षर अक्षर वाचले. मान हलवली. यादी पुन्हा बाईंकडे सरकवली आणि बाकावर बसून पॅड पुढ्यात घेतले. पेन्सिलीला टोक केले, डाव्या तळव्याने उत्तरांचा रकाना पूर्ण झाकला आणि पहिल्या कार्डापासून पुन्हा स्वतः सोडवायला सुरुवात केली.