चादरीचा चौथा कोपरा

“एक, दोन, तीन!” वॉर्डातल्या मावशींनीच मोजलं आणि त्यांच्याच हातून चादरीचा कोपरा सुटला. बाकीच्या तिघांनी पेशंटला कसंबसं ट्रॉलीवर घेतलं, पण त्याची टाच कडेवर आपटलीच. म्हातारा कळवळला, मग त्यानं दोन सणसणीत शिव्या घातल्या. म्हणजे फार लागलं नव्हतं.

तरी नियम तो नियम. कोपरा कुणाचा सुटला, ते रजिस्टरला लिहायचं. लिहिणार इन्चार्ज सिस्टर, आणि सिस्टर म्हणजे मावशींची सून. घरी सासूच्या शब्दाबाहेर न जाणारी. वॉर्डात मात्र सासू सुनेला “सिस्टर” म्हणायची आणि सून सासूला “मावशी”. सहा वर्षं दोघींनी हे बिनबोभाट निभावलं होतं.

मावशींचं नाव लागलं की रवानगी धुलाईखात्यात. एकोणतीस वर्षं या वॉर्डात माणसांनी शेवटच्या घटकेला त्यांचा हात धरला होता. आता धुलाईत मळक्या चादरी निवडत बसायचं.

शेजारचा कोपरा धरलेला कंत्राटी वॉर्डबॉय, दोन पोरांचा बाप, पुढे झाला. “सिस्टर, माझं नाव टाका. मावशींना रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत.”

सुनेनं सासूकडे पाहिलं. गप्प बसा, असं ती डोळ्यांनीच विनवत होती. गप्प बसणं किती सोपं होतं! पण कंत्राटदारानं या बापड्याला उद्याच घरी बसवलं असतं.

“त्याचं काय ऐकता, सिस्टर? माझाच कोपरा. बोटांत जोर राहिला नाही आता.”

सिस्टरनं मान खाली घालून लिहिलं.

ड्यूटी सुटल्यावर रोज दोघी पाच मिनिटांच्या अंतरानं निघायच्या, उगाच चर्चेला विषय नको म्हणून. आज सून जिन्यापाशी थांबली होती. डोळे लाल झाले होते.

“आई, मी त्याचं नाव लिहिणार होते.”

“माहितीये. म्हणून तर बोलले.” मावशींना तिचा राग आला आणि मायाही वाटली. “मग उद्या वॉर्डात तुझं कुणी ऐकलं असतं का गं? आणि घरी मी तरी कुठल्या तोंडानं तुला बोलले असते?”

सून रडता रडता हसली. मावशींनी आपणहून तिचा दंड धरला आणि एकेक पायरी उतरू लागल्या. फार दमल्या होत्या.

सिस्टरला पाहून गेटवरचा वॉचमन नेहमीसारखा उठून उभा राहिला. आज मावशी तिच्या शेजारी होत्या. एकोणतीस वर्षांत त्यांच्यासमोर तो कधी उठला नव्हता.

“बस रे बाबा, बस,” मावशी ओशाळून म्हणाल्या.