छताचा आवाज

मी भित्रा नाही. बावीस वर्षं जमिनीखाली काम केलंय, आणि भरवेलीच्या आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, प्रेमलाल कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण माझी पोरगी मंजू पहिल्यांदा माझ्याशेजारी खाणीच्या लिफ्टमध्ये उभी राहिली आणि मी लिफ्टचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

तिला गणित घेऊ दिलं ते मीच. भावकी म्हणाली, पोरीला एवढं कशाला शिकवता? मी एका लग्नाच्या भर मांडवात सुनावलं होतं, "माही पोरगी इंजिनियर होईन! तुमच्या पोटात काहून दुखते?" माझ्या डोक्यात पंख्याखालचं टेबल होतं. पोरीनं बालाघाटच्या पॉलिटेक्निकमध्ये नेमकं खाणकाम निवडलं. आता कायदा बदललाय, देखरेखीच्या कामासाठी बायकांनाही खाली उतरता येतं. आमच्या मँगनीजच्या खाणीत तिच्यासह तिघी लागल्या, आणि मंजू आली ती आमच्याच टोळीवर देखरेखीला. मी कुरकुर केली तर सत्यभामा, माझी बायको, म्हणाली, "तुमीच चढवलं न तिले हरभऱ्याच्या झाडावर? आता भोगा."

लिफ्ट खाली चालली. मंजूच्या टोपीवरचा दिवा थरथरत होता. मी मनातल्या मनात सगळे देव आळवत होतो. स्वतःसाठी मी त्यांना कधी एवढा त्रास दिला नव्हता.

आमच्यात रिवाज असा, की सुरुंग उडाल्यावर कामाला हात लावण्याआधी डोक्यावरचं छत लोखंडी सळईनं ठोकून बघायचं. पक्का दगड खणखणतो. सुटलेला दगड फुटक्या माठासारखा वाजतो. आमचा मुकादम गुणाकर, माझा जुना दोस्त, नेहमी घाईत. त्यानं चार ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, "पक्कं हाये, चला."

मंजूनं त्याच्या हातातली सळई मागून घेतली. कोपऱ्यात ठोकलं, पुन्हा ठोकलं. "काका, इथं कोणी उभं राहू नका. हे पोकळ हाये. काम बंद."

टोळीतली माणसं खुसखुसली. गुणाकरचा चेहरा उतरला, मग तो जोरात हसला. "पोरी, हे कालेज नोहे. तुह्या बापाले इचार. त्याचे कान कोणाले फसत नाहीत."

सगळ्यांचे दिवे माझ्या तोंडावर आले.

मी ऐकलं होतं. आवाज पोकळच होता. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. 'पक्कं हाये' एवढं म्हटलं की झालं! पोरीचं हसं होईल, गोष्ट वर साहेबापर्यंत जाईल, तिला वरच्या ऑफिसात बसवतील. पंख्याखाली, टेबलाशी. मग मी रात्री झोपू शकेन. फक्त भोकं पाडायचं मशीन घेऊन त्या छताखाली मला उभं राहावं लागणार होतं. तेही मला परवडलं असतं. मी एक पाऊल पुढे टाकलं.

मंजूनं माझी बाही पकडली.

"बाबा, मले लय भेव लागून राह्यलं. पण आयकलं ते आयकलं. तुमाले नाही आलं आयकू?"

मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"पोकळ हाये, गुणाकर," मी म्हणालो. "मांगं हो."

गुणाकर पुटपुटत मागे सरला. त्यानं लांब सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि दुरूनच कोपऱ्यात खुपसली. काही झालं नाही. "पाह्यलं?" असं म्हणून त्यानं पुन्हा रेटली, आणि खाटेएवढा दगड खाली आला. जमीन हादरली. धुळीत सगळे दिवे बुडाले.

"मंजू!" मी ओरडलो. "मंजू गं!"

"हौ बाबा." आवाज माझ्या खांद्याजवळून आला. बाही तिनं अजून सोडली नव्हती.

संध्याकाळी शेजारची प्रियंका घरी आली. दहावीला आहे. मंजू आंघोळीला गेली होती, म्हणून तिनं मलाच विचारलं, "काका, मंजूताईवानी व्हाले कोणता विषय घ्या लागते?" तिला हाकलून द्यावं असं वाटलं. हिच्या बापानं माझं काय घोडं मारलंय, त्याच्या जिवाला हा घोर का लावू? सत्यभामा दारातून माझ्याकडे बघत होती.

"गणित," मी म्हणालो.

भीती काही गेली नाही. रोज लिफ्टमध्ये दांडा धरतो, रोज देव आळवतो. पण मंगळवारी मंजूची सुट्टी असते. त्या दिवशी गुणाकर एकटाच छत ठोकतो, "पक्कं हाये, चला" म्हणतो, सगळे आत जातात, आणि माझं पाऊल उचलत नाही.